५४ ट्रॉफ्या हव्यात, ४० पौंडांची उधारी नको

२६ एप्रिल २०२५ ला ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबनं डंडी युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ५-० असं धुतलं, स्कॉटलंडची लीग खिशात घातली, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर पुढचे तीन दिवस दुसरा विषयच निघाला नाही. सेल्टिकचं हे ५५वं टायटल, ग्लासगोच्याच रेंजर्सचीही ५५च, म्हणजे बरोबरी झाली का? ग्रुपवर एक जण हिंजवडीचा, आयुष्यात ग्लासगोला गेला नाही पण हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीत झोपतो. त्याचं म्हणणं, बरोबरी कसली, रेंजर्सचं टायटल एकच, २०२१ चं, कारण जुना क्लब २०१२ ला मेला आणि आत्ता आहे तो डुप्लिकेट. दुसरा ग्लासगोतच नोकरीला, निळा कट्टर, म्हणजे रेंजर्सवाला. त्याचं उत्तर ठरलेलं, कंपनी बुडाली रे, क्लब नाही बुडाला. मग हा त्याला लिक्विडेशनचे, म्हणजे कंपनी मोडीत काढल्याचे, कागद पाठवणार, तो ह्याला जुन्या कपांचे फोटो पाठवणार. तेरा वर्षं जगभर हे असंच चाललंय, आणि मला वाटतं दोन्ही बाजू इतका वाईट वाद घालतायत की मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. रेंजर्स तोच क्लब आहे, १८७२ चा. पण तोच असेल तर तो सगळाच्या सगळा तोच आहे, ट्रॉफ्यांसकट आणि उधारीसकट. वाडा माझ्या आजोबांचा म्हणून सांगायचं आणि वाण्याच्या वहीतलं आजोबांचं नाव दाखवलं की ते गृहस्थ आमचे कुणी लागत नाहीत म्हणायचं, हे आपल्याकडे गावात कुणी चालवून घेईल का? नाही ना? मग ग्लासगोत का चालावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उद्योगपती डेव्हिड मरेनं १९८८ मध्ये ६ मिलियन पौंडांना रेंजर्स घेतला, त्याच्या काळात टायटलं खोऱ्यानं आली, १९८९ ते १९९७ सलग नऊ. पैसा पाण्यासारखा गेला. २००१ पासून २०१० पर्यंत खेळाडू आणि स्टाफला पगाराचा काही भाग ट्रस्टमधून ‘कर्ज’ म्हणून दिला गेला, म्हणजे टॅक्स वाचावा म्हणून, अशी रक्कम सुमारे ४७ मिलियन पौंड. मग सरकारी टॅक्सवाले मागे लागले, बँक मागे लागली, आणि मे २०११ मध्ये मरेनं क्लब क्रेग व्हाइट नावाच्या माणसाला १ पौंडाला विकला. हो, एक. व्हाइटनं पुढच्या काही सीझनच्या तिकिटांचं येणं आधीच गहाण टाकून पैसा उभा केला आणि कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टॅक्स सरकारकडे भरलाच नाही. १४ फेब्रुवारी २०१२ ला कर्जबाजारी कंपनीचा कारभार बाहेरच्या माणसांच्या हातात, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेशन. जूनमध्ये घेणेकऱ्यांशी तडजोड करायचा प्रस्ताव आला, टॅक्स खात्यानं तो उडवला, कंपनी लिक्विडेशनला गेली. आणि चार्ल्स ग्रीनच्या नव्या कंपनीनं स्टेडियम, ट्रेनिंग ग्राउंड, खेळाडूंचे करार, नाव, सगळं मिळून ५५ लाख पौंडांना उचललं. त्या विक्रीच्या यादीत प्रत्येक गोष्टीची किंमत वेगळी लिहिलीय. खेळाडूंच्या करारांना साडेसत्तावीस लाखांच्या आसपास, जागांना पंधरा लाख, आणि गुडविलच्या, म्हणजे नावलौकिकाच्या, समोर १ पौंड. १४० वर्षांची पुण्याई म्हणा की बदनामी म्हणा, भाव एकच पौंड.

आता सेल्टिकवाल्यांचे मुद्दे. उगाच टाकाऊ मुद्दे निवडून ते खोडायचे आणि जिंकल्याचा आव आणायचा, हे मला करायचं नाही, त्यांचे मुद्दे खरंच तगडे आहेत. पहिला, खुद्द चार्ल्स ग्रीन तडजोडीच्या मतदानाआधी सांगत फिरत होता की हे फिसकटलं तर क्लबचा इतिहास, परंपरा सगळं वाहून जाईल. फिसकटलं, आणि मग त्याच माणसानं काही दिवसांत इतिहास सुखरूप असल्याचं जाहीर केलं. दुसरा, क्लबचाच खेळाडू स्टीव्हन नेस्मिथ नव्या कंपनीत यायला नाही म्हणाला, आपली निष्ठा रेंजर्सशी आहे, ह्या नव्या कंपनीशी नाही, असं उघड बोलून गेला. तिसरा, युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमात कंपनी बदलली की मेंबरशिपची तीन वर्षं नव्यानं मोजतात, म्हणजे युरोपच्या दारात सातत्य तुटलंच. चौथा मला सगळ्यात जड वाटतो. २०१३ मध्ये हार्ट्स हा दुसरा स्कॉटिश क्लबही अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, १५ पॉइंट कापले, खालच्या डिव्हिजनला गेला, पण तडजोड मंजूर झाली आणि कंपनी वाचली. रेंजर्सची नाही वाचली. रेंजर्सला पॉइंट कापून सोडलं नाही, टॉप लीगच्या क्लबांनी १० विरुद्ध १ मतांनी आत घेणंच नाकारलं आणि मग खालच्या लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी त्यांना पार चौथ्या पायरीवर बसवलं. तोच क्लब होता तर दारात नव्यानं उभं राहून अर्ज का करावा लागला?

हे सगळं खरं आहे. पण ह्या सगळ्याच्या बुडाशी एक गृहीतक आहे, की क्लब म्हणजे कंपनी. ते गृहीतक जरा मागे नेऊन बघा काय होतं.

१८७२ मध्ये ग्लासगोच्या एका पार्कात चार पोरं फिरता फिरता टीम काढायचं ठरवतात, मोझेस मॅकनील, त्याचा भाऊ पीटर मॅकनील, पीटर कॅम्बेल, विल्यम मॅकबेथ. विशीच्या आतली पोरं. पैसा नाही, मैदान नाही, नावसुद्धा एका इंग्लिश रग्बी टीमचं पुस्तकात वाचून उचललेलं. पहिली मॅच ग्लासगो ग्रीनच्या फ्लेशर्स हॉ नावाच्या सार्वजनिक मोकळ्या जागेत, कॅलंडर नावाच्या टीमशी, ०-०, काही जण तर रस्त्यावरच्या रोजच्याच कपड्यांत खेळले. कागदपत्रांची अवस्था अशी की क्लबला स्वतःचं जन्मवर्षच धड माहीत नव्हतं, शताब्दी साजरी केली १९७३ मध्ये आणि नंतर मान्य केलं की अरे, आपण तर १८७२ चे. (त्या चौघांतला मॅकबेथ १९१७ मध्ये इंग्लंडात लिंकनला गरिबीत मेला, बिनदगडाच्या थडग्यात. कॅम्बेल जहाजावर होता, १८८३ मध्ये बिस्केच्या उपसागरात बुडाला. क्लबच्या इतिहासात टायटलांच्या आकड्यांवर जेवढी शाई सांडते त्याच्या शंभराव्या हिश्शानं ह्या पोरांवर सांडली तरी पुष्कळ झालं.)

आता मुद्द्याची गोष्ट. रेंजर्स लिमिटेड कंपनी झाली मे १८९९ मध्ये. म्हणजे पहिली २७ वर्षं कंपनीच नव्हती, मेंबरांचा क्लब होता, बस. आणि त्या २७ वर्षांत क्लबनं काय केलं? १८९१ चं पहिलंवहिलं लीग टायटल डम्बार्टनबरोबर वाटून घेतलं. स्कॉटिश कप जिंकला १८९४, १८९७, १८९८ मध्ये. आणि १८९८-९९ च्या सीझनमध्ये १८ पैकी १८ मॅच जिंकल्या, एक ड्रॉसुद्धा नाही, आणि हे सगळं कंपनी रजिस्टर व्हायच्या आधी आटोपलं होतं. मग क्लब म्हणजे कंपनी असेल तर २०१२ मध्ये मेलेल्या कंपनीकडे ५४ टायटलं नव्हतीच, ५२ होती! उरलेली दोन कुणाची? मोझेस मॅकनीलच्या भुताची? आणि हाच हिशेब सेल्टिकला लावा. क्लब १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये एका चर्चच्या हॉलमध्ये ठरला, ब्रदर वॉलफ्रिडनं गरिबांच्या पोरांना जेवण मिळावं म्हणून काढला, १८८८ ला खेळायला लागला, कंपनी झाली १८९७ मध्ये. मग आधीची टायटलं सोडणार का? हिंजवडीवाल्याला हे विचारलं तर म्हणतो, तेव्हा क्लब कंपनीत शिरला, मेला नव्हता. अगदी बरोबर बोललास भावा. म्हणजे क्लब नावाची एक गोष्ट आहे जी कंपनीच्या बाहेर असते आणि तिच्यात शिरू शकते. मग शिरू शकते ती बाहेर पडून दुसरीत शिरू शकत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आणि स्कॉटलंडमध्येच ह्याचं एक असलं भन्नाट उदाहरण आहे की ते कुणी कसं काढत नाही ह्याचंच मला नवल वाटतं. एअरड्रिओनियन्स नावाचा जुना क्लब २००२ मध्ये लिक्विडेशनला गेला. त्यांच्या लोकांनी नवा क्लब काढला, लीगमध्ये जागा मागितली, मिळाली नाही. मग त्यांनी काय केलं, डबघाईला आलेला क्लाइडबँक क्लब विकत घेतला, त्याची लीगमधली जागा घेतली, नाव बदलून एअरड्री युनायटेड केलं, गावही बदललं, आणि २०१३ मध्ये पुन्हा एअरड्रिओनियन्स नाव लावलं. कागदाचं ऐकायचं तर आज एअरड्रीत जी टीम खेळते ती क्लाइडबँक आहे. त्या गावात जाऊन कुणाला तरी हे सांगून बघा, चहासुद्धा विचारणार नाहीत. इंग्लंडात विम्बल्डन फुटबॉल क्लबचं ह्याच्या उलट झालं. क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला, लीगमधली जागा तिकडे गेली, कागद तिकडे गेले, पण फॅन्सनी २००२ मध्येच स्वतःचा वेगळा क्लब काढला होता तळापासून, आणि शेवटी २००७ मध्ये मिल्टन कीन्सवाल्यांनी विम्बल्डननं १९८८ मध्ये जिंकलेल्या एफए कपवरचा हक्क सोडला. का सोडला? कागद तर त्यांच्याकडेच होते की. इटलीतला नापोली २००४ मध्ये दिवाळखोरीत गेला, नव्या नावानं तिसऱ्या पायरीवरून सुरू झाला, तरी २०२३ चं टायटल सगळ्या इटलीनं तिसरं म्हणूनच मोजलं, मॅराडोनाची दोन धरून. नेपल्सच्या गल्लीत उभं राहून ‘मॅराडोना तुमचा नाही’ म्हणायची हिंमत आहे कुणात? इंग्लंडातल्या लीड्स क्लबची कंपनी २००७ मध्ये बदलली, १५ पॉइंट गेले, विषय संपला, आणि गंमत म्हणजे मे २०२५ मध्ये रेंजर्स ज्या अमेरिकन लोकांनी घेतला त्यांच्यात लीड्सचेच मालक आहेत.

मग क्लब मरतच नाही का? मरतो ना. मी बघितलाय मेलेला क्लब.

ग्लासगोला दीड वर्ष शिकायला होतो तेव्हा क्वीन्स पार्कच्या जवळ राहायचो, तिथून चालत दहा मिनिटांवर कॅथकिन पार्क. कुणी सांगितलं नाही तर साधी बाग वाटेल. आत गेलं की मधे फुटबॉलचं मैदान आणि तीन बाजूंना उतरत्या काँक्रीटच्या पायऱ्या, त्या पायऱ्यांवर गर्दी अडवायचे लोखंडी कठडे अजून उभे आहेत, आणि पायऱ्यांच्या फटींतून झाडं वर आलीत, चांगली जाडजूड बुंध्याची. नोव्हेंबरमध्ये गेलो होतो, ओल्या पानांचा थर इतका की पायरी कुठली आणि उतार कुठला कळेना, घसरून पडलोच असतो. मैदानावर दोन पोरं बॉल मारत होती आणि एक आजोबा कठड्याला टेकून कुत्र्याची वाट बघत होते. हे थर्ड लॅनार्कचं मैदान. तोही १८७२ चाच क्लब, रेंजर्सचा जुळा म्हणा, स्वयंसेवक सैनिकांच्या पलटणीतून निघालेला. १८८९ आणि १९०५ चा स्कॉटिश कप, १९०४ ची लीग. १९६०-६१ मध्ये लीगमध्ये १०० गोल मारून तिसरे आले होते. आणि सहा वर्षांत संपले, मालकानं आतून पोखरून खाल्लं, शेवटची मॅच २८ एप्रिल १९६७ ला डम्बार्टनमध्ये ५-१ हरले, आणि पुढच्या सीझनला थर्ड लॅनार्क नव्हताच. नंतर त्याच नावाची, त्याच रंगांची हौशी टीम लोकांनी काढली, चांगलंच केलं, पण मधल्या वर्षांत शनिवारी त्या पायऱ्यांवर कुणी आलं नव्हतं, झाडं आली होती.

रेंजर्सचं असं झालं का? २०११-१२ चा सीझन खेळले, २०१२-१३ चाही खेळले, मधे एक शनिवार मोकळा गेला नाही. जुलैच्या शेवटी ब्रिकिन नावाच्या चिमुकल्या गावात पहिली मॅच, मग पीटरहेडला २-२, आणि १८ ऑगस्टला घरच्या मैदानावर ईस्ट स्टर्लिंगशरविरुद्ध ४९,११८ माणसं आली. चौथ्या डिव्हिजनच्या मॅचला! जगात कुठं चौथ्या पायरीवर तोवर एवढी गर्दी झाली नव्हती. आणि टीम काय खेळत होती म्हणाल तर विचारू नका. ऑक्टोबरमध्ये तळाला असलेल्या स्टर्लिंग अल्बियननं त्यांना १-० हरवलं, आणि त्या दिवशी स्टर्लिंगचा मॅनेजर मैदानावर नव्हताच, स्वतःच्या लग्नात होता. नवरदेवाला बोहल्यावरून उतरून कळलं असेल की आपण रेंजर्सला हरवलं. पुढं मार्चमध्ये अॅननसारख्या टीमनं घरात येऊन २-१ मारलं. तरी लोक आलेच. नव्या दुकानाला पहिल्या दिवशी पन्नास हजार गिऱ्हाईक येतं का? येतं ते जुन्या देवळाला, पुजारी बदलला तरी.

इथपर्यंत आमचा निळा मित्र माझ्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावत असणार. आता त्याची पाळी.

एप्रिल २०१२ मध्ये अॅडमिनिस्ट्रेटरांनी देण्यांची यादी जाहीर केली. पावणेतीनशेच्या आसपास नावं, सगळं धरून आकडा १३४ मिलियन पौंडांवर जाऊ शकतो असं म्हटलेलं. वरती टॅक्स खातं, तिकिटांवर पैसे लावणारी कंपनी, मोठे मोठे आकडे. पण यादी खाली खाली वाचत गेलं की वेगळंच जग लागतं. पेपर टाकणाऱ्या दुकानदाराचं बिल. मैदानावर कुणी कोसळलं तर धावणारी सेंट अँड्र्यूज अॅम्ब्युलन्स, त्यांचं बिल. आणि पोरांचे चेहरे रंगवणारी एक बाई, तिचे ४० पौंड. जिनं मॅचच्या दिवशी लहान पोरांच्या गालावर निळा-पांढरा रंग लावला, तिचे चाळीस पौंड थकवून क्लब कोर्टात गेला. ह्या लोकांना लिक्विडेशनमध्ये काय मिळतं, तर पौंडामागे काही पेन्स. आणि दुसरीकडे फुटबॉलमधली देणी, म्हणजे दुसऱ्या क्लबांचे ट्रान्सफरचे राहिलेले हप्ते, ती नव्या कंपनीनं चुकवायची असं करारातच ठरलं, कारण ती चुकवल्याशिवाय फुटबॉल असोसिएशन जुनी मेंबरशिप नव्या कंपनीच्या नावावर करणार नव्हती. म्हणजे व्हिएन्नाच्या क्लबचा हप्ता हा ‘क्लब’चा, आणि अॅम्ब्युलन्सचं बिल हे ‘कंपनी’चं! ही फोड कुणी केली, कुठल्या तत्त्वावर केली? ज्याच्या हातात गेट होतं त्यानं आपले पैसे आधी काढून घेतले, एवढंच ते तत्त्व.

आणि रेंजर्सवाले स्वतः कधी क्लब असतात आणि कधी कंपनी, हे बघायला फार मजा येते. जुन्या कंपनीच्या भानगडीसाठी लावलेली खेळाडू साइन करायची बंदी नव्या कंपनीनं वर्षभर मुकाट्यानं सोसली, सप्टेंबर २०१२ ते ऑगस्ट २०१३, कारण त्याशिवाय खेळायलाच मिळालं नसतं. ट्रस्टच्या पगारांची माहिती लीगला नीट दिली नाही म्हणून लॉर्ड निमो स्मिथच्या आयोगानं फेब्रुवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंड दंड केला, टायटलं काढून घेतली नाहीत, आणि त्याच निकालात म्हटलं की क्लब हा कंपनीपासून वेगळा ओळखता येतो, मालक बदलून चालू राहू शकतो. निळ्या गोटात दिवाळी. तो परिच्छेद आजही लोक फ्रेम करून ठेवल्यासारखा दाखवतात. आणि मग त्याच निकालातला दंड भरायची वेळ आली तेव्हा? तेव्हा तो दंड जुन्या कंपनीचा, आमचा काय संबंध, असा पवित्रा. एकाच कागदाची वरची ओळ आमची आणि खालची ओळ मेलेल्या माणसाची.

इतिहास म्हणजे काय नुसता कपांचा शोकेस असतो का? २ जानेवारी १९७१ ला सेल्टिकविरुद्धच्या मॅचनंतर रेंजर्सच्या स्टेडियमच्या तेरा नंबरच्या जिन्यावर ६६ माणसं चिरडून मेली, त्यात फाइफमधल्या मार्किंच नावाच्या एकाच गावातली पाच शाळकरी पोरं. त्याच जिन्यावर १९६१ मध्येही दोन जण गेले होते, मधे आणखी अपघात झाले होते, आणि नंतर कोर्टानं क्लबलाच दोषी धरलं. स्टेडियमबाहेर तेव्हाचा कॅप्टन जॉन ग्रेगचा पुतळा आहे, खाली त्या सगळ्यांची नावं, मी गेलो तेव्हा एक बाई हातमोजा काढून एका नावावर बोट फिरवत होती. हिंजवडीवाल्याला माझा प्रश्न आहे, २०१२ ला क्लब मेला असेल तर ही नावं कुणाची? कुणी जपायची ती? आणि निळ्या मित्राला प्रश्न आहे, ती नावं तुमची असतील तर तो जिनाही तुमचाच ना? तसंच कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही हा न लिहिलेला नियम कित्येक दशकं पाळला, तो १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतल्यावर मोडला, आणि तेव्हा काहींनी गेटवर स्कार्फ जाळले. हेही १४० वर्षांतच आलं. १९७२ ला बार्सिलोनात मॉस्कोच्या टीमला ३-२ हरवून मिळवलेला युरोपियन कप विनर्स कप हवा, तर हे सगळं त्याच्या मागून आत येणारच, दार अर्धं उघडता येत नाही.

सेल्टिकची बाजूही ह्यात धुतल्या तांदळाची नाही. जुलै २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं ट्रस्टच्या केसमध्ये टॅक्स खात्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि लगेच मागणी सुरू, रेंजर्सची त्या काळातली टायटलं काढून घ्या. अरे पण कुणाकडून काढून घ्या? तुमच्याच मते तो क्लब पाच वर्षांपूर्वी मेला, मेलेल्याची टायटलं रेकॉर्डमध्ये पडून राहिली तर आत्ताच्या ‘नव्या’ क्लबला त्याचं काय, त्याची नव्हतीच म्हणता ना? शिक्षा द्यायची म्हटलं की जिवंत, मोजायची म्हटलं की मेलेला. २०१५ च्या लीग कप सेमीफायनलआधी सेल्टिकच्या काही फॅन्सनी पैसे जमवून पेपरात पानभर जाहिरात दिली की ह्या क्लबशी आमची ही पहिलीच मॅच आहे, आणि मग त्या ‘पहिल्याच मॅच’ला जी गाणी म्हटली, जी शंभर वर्षांची खुन्नस काढली, ती काय नव्या पाहुण्याच्या स्वागताची होती? शिवाय मार्च १९९४ आठवा. सेल्टिक वाचवणारा उद्योजक फर्गस मॅकॅन पैसे घेऊन पोचला तेव्हा बँक सेल्टिकच्या दाराला कुलूप लावायच्या काही तासच आधीची वेळ होती. त्याचं विमान उशिरा आलं असतं तर आज हिंजवडीवाला मला नापोलीची उदाहरणं देत बसला असता.

ह्यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे अर्धा. मर्यादित जबाबदारी हा कायदाच आहे, कंपनी बुडाली की देणी तिच्यासोबत बुडतात, तसं नसतं तर कुणी धंदाच केला नसता, आणि तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसाचा ह्यात काय दोष? दोष नाहीच. ट्रस्ट त्यांनी काढला नाही, व्हाइटला त्यांनी आणलं नाही, उलट चौथ्या डिव्हिजनमध्ये पैसे त्यांनीच ओतले. पण मर्यादित जबाबदारी असते ती नाव सोडणाऱ्यासाठी. साधा धंदा बुडाला तर पाटी उतरते. इथं उलटं झालं, नव्या कंपनीनं ‘रेंजर्स’ नाव घेतलं आणि बुडालेल्या जुन्या कंपनीलाच नाव बदलून ‘आरएफसी २०१२’ व्हावं लागलं, सुप्रीम कोर्टात केस त्याच नावानं चालली. मढ्याच्या अंगावरचे दागिने काढून घेतले आणि मढं बेवारस म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे जुने लोक म्हणायचे बापाचं कर्ज पोरानं फेडावं, कायद्यानं नव्हे, गावात मान वर करून चालता यावं म्हणून. फुटबॉलला हा नियम लिहून ठेवायला कुणी अडवलेलं नाही. दुसऱ्या क्लबचा हप्ता चुकवल्याशिवाय मेंबरशिप मिळत नाही असा नियम करता येतो तर त्याच्यात अॅम्ब्युलन्स आणि पेपरवाला घालायला काय लागतं? छोटी देणी किती होती अशी, एका बऱ्या डिफेंडरच्या किमतीत उरकली असती. हार्ट्सच्या फॅन्सनी दर महिन्याला खिशातून पैसे घालून २०२१ मध्ये क्लबची मालकीच मिळवली, म्हणजे लोकांची तयारी असते, त्यांना कुणी विचारत नाही.

हे सगळं मी परवा ग्रुपवर टाकलं, थोडं कमी करून. दोघंही चिडले. मग मी सरळ एक प्रश्न टाकला, दोघांनाही एकच, की ते चेहरा रंगवणाऱ्या बाईचे ४० पौंड आत्ताच्या रेंजर्सनं देणं लागतात की नाही, हो की नाही एवढंच सांगा. निळ्यानं लिहिलं, नाही, ती जुनी कंपनी, ह्यांचा काय संबंध. आणि त्याच्याखाली हिंजवडीवाल्याचा अंगठा, मग मेसेज, हेच तर मी तेरा वर्षं सांगतोय.